विनंतीची किल्ली आणि विनंतीवरील स्वाक्षरी

एका संस्थेच्या संगणकाने दुसऱ्या संस्थेच्या संगणकाकडे एखादे काम मागावे आणि त्याने ते तत्काळ करून द्यावे, हा व्यवहार आज इतका नित्याचा झाला आहे की, त्याच्या मुळाशी विश्वासाचा एक प्रश्न आहे याचेही विस्मरण व्हावे. पुस्तकविक्रेत्याचे संकेतस्थळ पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या संगणकास विचारते की, अमुक ग्राहकाची रक्कम जमा झाली काय. एखादे रुग्णालय आपल्या क्ष-किरण चित्रांच्या प्रती दूरच्या साठवण-केंद्रात ठेवते आणि लागतील तेव्हा परत मागविते. अशा मागण्यांसाठी जी ठरीव दारे उघडी ठेवलेली असतात त्यांस एपीआय असे म्हणतात. या दारावरचा पहारेकरी यंत्ररूप असतो. त्याला चेहरा दिसत नाही, की आवाज ऐकू येत नाही. जो मजकूर हाती आला त्यावरूनच त्याने दोन गोष्टी ठरवावयाच्या असतात : ही विनंती कोणाची, आणि ज्याने ती पाठविली त्याने ती अशीच पाठविली होती काय.

या विषयाची चर्चा बहुधा गणिती फलनांच्या बळाभोवती फिरत राहते. कोणते फलन अधिक अभेद्य, किती अंकांची किल्ली पुरेशी, असे प्रश्न त्यात येतात. ते गौण आहेत असे नाही. तथापि व्यवहारात ज्या पद्धती प्रत्यक्ष कोसळल्या, त्यांचा वृत्तांत पाहिला असता असे आढळते की, मूळ गणित क्वचितच मोडले. ज्या मजकुरावर स्वाक्षरी करावयाची तो मजकूर नेमका कोणता, तो कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे ठरविण्यात चूक झाली. प्रस्तुत लेखात मुख्यतः याच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम साध्या किल्लीचा विचार करू. सेवा देणारी संस्था ग्राहकास अक्षरांची व अंकांची एक लांबलचक माळ देते. प्रत्येक विनंतीबरोबर ती माळ पाठवावयाची आणि सेवादात्याच्या सर्व्हरने ती आपल्या नोंदवहीशी ताडून पाहावयाची, एवढाच हा विधी. तो सोपा आहे आणि हवामानाचा अंदाज किंवा नकाशा यांसारख्या किरकोळ मागण्यांना पुरतोही. परंतु यात किल्ली प्रत्येक खेपेस प्रवास करते, हे ध्यानात घेतले पाहिजे. जो कोणी ती वाटेत पाहील तो तिचा धनी होतो. आता वाट सांकेतिक लिपीने झाकलेली असते, एचटीटीपीएस या पद्धतीत मधल्या माणसास काही वाचता येत नाही, मग भय कशाचे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेप योग्य आहे, पण अपुरा आहे. झाकलेली वाट सर्व्हरच्या दारापाशी संपते, आणि अनेक ठिकाणी ती दाराच्या अलीकडेच, मधल्या यंत्रापाशी संपते. तेथून आत नोंदवह्या असतात, दोष शोधण्यासाठी काढलेल्या नकला असतात. किल्ली जर पत्त्याच्या ओळीतच लिहिली असेल, तर ती अशा दहा वह्यांत जाऊन बसते आणि त्या वह्या कोण चाळतो याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. शिवाय केवळ किल्लीचा मजकुराशी कसलाच संबंध नसतो. ‘शंभर रुपये द्या’ या विनंतीबरोबर जी किल्ली, तीच ‘लाख रुपये द्या’ या विनंतीबरोबरही.

म्हणून दुसरी रीत आली. तीत ग्राहकाजवळ दोन वस्तू असतात. एक उघड ओळखचिन्ह आणि दुसरी गुप्त किल्ली. ॲमेझॉन या कंपनीच्या संगणकसेवेत, जिची साठवण-सेवा ‘एस-थ्री’ मार्च २००६ मध्ये खुली झाली, ओळखचिन्ह २० अक्षरांचे आणि गुप्त किल्ली ४० अक्षरांची असते. ओळखचिन्ह विनंतीबरोबर जाते. गुप्त किल्ली मात्र ग्राहकाचे घर कधीच सोडीत नाही. ग्राहक ती किल्ली आणि विनंतीचा मजकूर एका गणिती फलनात घालतो; त्यातून जी ठरावीक लांबीची आकडेमाळ निघते ती स्वाक्षरी म्हणून मजकुरास जोडतो. सर्व्हरकडे त्याच गुप्त किल्लीची प्रत असते. तो आलेल्या मजकुरावर तीच क्रिया करतो आणि दोन्ही उत्तरे जुळल्यास विनंती मान्य करतो. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी उत्तर पार पालटते, आणि उत्तरावरून किल्ली काढता येत नाही. येथवर सर्व ठीक दिसते. पण ‘विनंतीचा मजकूर’ म्हणजे काय?

विनंती ही बहुधा नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांची बनलेली असते. त्या जोड्यांचा क्रम वाटेत बदलू शकतो. म्हणून स्वाक्षरीपूर्वी त्यांना एक निश्चित रूप द्यावे लागते; त्यास आपण प्रमाणरूप म्हणू. ॲमेझॉनच्या स्वाक्षरीपद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत प्रमाणरूपाचा नियम असा होता की, जोड्या नावांच्या वर्णक्रमाने लावावयाच्या आणि मग सर्व नावे व मूल्ये एकापुढे एक, मध्ये कोणतेही चिन्ह न घालता, लिहून काढावयाची. ज्यांनी जुनी मोडी कागदपत्रे वाचली आहेत त्यांना यातील धोका सांगावयास नको. मोडीत शब्दांमध्ये अंतर सोडण्याची प्रथा नव्हती. वाचणाऱ्याने संदर्भाने पदे तोडावयाची, आणि चुकीच्या ठिकाणी तोडली की अर्थाचा अनर्थ व्हावयाचा. यंत्राला तर संदर्भही नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, विनंतीत दोन जोड्या आहेत : ‘कृती’ या नावाचे मूल्य ‘पुसा’ आणि ‘वर्ग’ या नावाचे मूल्य ‘मसुदा’. अर्थ असा की, मसुदा या वर्गातील कागद तेवढे पुसून टाका. चिन्हांवाचून जोडले असता ‘कृतीपुसावर्गमसुदा’ ही माळ मिळते आणि तिच्यावर स्वाक्षरी होते. आता कोणी वाटेत ही विनंती अडविली आणि दुसऱ्या जोडीतील सीमा एका अक्षराने सरकविली. नाव ‘वर्गम’, मूल्य ‘सुदा’. जोडलेली माळ तीच, म्हणून स्वाक्षरीही तीच. सर्व्हर स्वाक्षरी तपासतो, ती बरोबर निघते. मग तो ‘वर्गम’ या नावाचा अर्थ शोधतो; असे कोणतेही नाव त्याला ठाऊक नाही. अपरिचित नावांकडे दुर्लक्ष करण्याची बहुतेक सर्व्हरांची रीत असल्यामुळे तो ती जोडी सोडून देतो. शेष राहते ते ‘कृती : पुसा’. वर्गाची अट गळून पडली, आणि सगळेच कागद पुसले जातात. गुप्त किल्ली कोणी चोरली नाही, फलन कोणी फोडले नाही.

हा दोष कॉलिन पर्सिव्हल या संशोधकाने २००८ साली उघडकीस आणला. त्यानंतर नाव व मूल्य यांच्यामध्ये एक चिन्ह आणि दोन जोड्यांमध्ये दुसरे चिन्ह घालण्याची, तसेच विनंतीचा प्रकार, यजमानाचे नाव व मार्ग यांवरही स्वाक्षरी करण्याची दुसरी आवृत्ती वापरात आली. मूल्याच्या आतच ते चिन्ह आले तर काय, ही शंका वाचकास येईल. त्यासाठी मूल्यातील अशी चिन्हे आधी सांकेतिक रूपात बदलून घ्यावी लागतात. हे बदलण्याचे काम कंटाळवाणे असते, आणि प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांच्या स्वाक्षऱ्या जुळत नाहीत त्या बहुधा येथेच. रिकाम्या जागेसाठी एकाने अधिकचे चिन्ह लिहिले, दुसऱ्याने टक्केचिन्ह व वीस हा अंक लिहिला, की दोन्ही बाजूंची माळ निराळी झाली. विद्यार्थी किल्ली चुकली म्हणून किल्ली बदलीत बसतात. किल्ली बरोबरच असते.

दुसरे प्रकरण छायाचित्रांच्या ‘फ्लिकर’ या संकेतस्थळाचे. सप्टेंबर २००९ मध्ये थाय डुओंग आणि ज्युलियानो रिझो यांनी ते प्रसिद्ध केले. फ्लिकरची रीत अशी होती की, आधी गुप्त किल्ली लिहावयाची, तिच्यापुढे चिन्हांवाचून जोडलेल्या जोड्या लिहावयाच्या आणि त्या सबंध माळेचे एमडी५ या हॅश-फलनाने सार काढावयाचे. एमडी५ हे रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी रचलेले फलन १९९२ साली मानक-पत्रकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्याची कार्यपद्धती थोडी पाहणे येथे अवश्य आहे. हे फलन मजकूर एकदम गिळीत नाही. ६४ बाइटांचा एकेक घास घेते. त्याच्याजवळ १६ बाइटांची एक आंतरिक अवस्था असते. प्रत्येक घासागणिक ती अवस्था ढवळली जाते, आणि शेवटच्या घासानंतर जी अवस्था उरते तेच उत्तर म्हणून बाहेर येते. अखेरचा घास ठरावीक भरताडीने पूर्ण करतात, व त्या भरताडीत मजकुराची लांबीही लिहितात.

आता असे पाहा की, उत्तर म्हणजेच आंतरिक अवस्था असल्यामुळे, ज्याच्या हाती उत्तर आले त्याच्या हाती थांबलेले यंत्रच आले. त्याने ती अवस्था आपल्या यंत्रात भरावी आणि पुढचे घास स्वतःच्या मर्जीचे द्यावेत. निघेल ते उत्तर ‘गुप्त किल्ली, जुना मजकूर, भरताड, नवा मजकूर’ या संपूर्ण माळेचे यथार्थ सार असेल. किल्लीची लांबी तेवढी ठाऊक असावी लागते. किल्ली ठाऊक असण्याची गरज नाही. या हल्ल्यास लांबी वाढविण्याचा हल्ला म्हणतात.

जुना मजकूर व मधली भरताड मात्र तशीच राहते, तिची वासलात कशी लावावयाची? येथे पहिल्या प्रकरणातील दोष हल्लेखोराच्या मदतीस धावून येतो. जोड्यांमध्ये चिन्ह नसल्यामुळे त्याने जुन्या मजकुराचे पहिले अक्षर हे ‘नाव’ समजावे आणि उरलेला सारा मजकूर भरताडीसह त्या नावाचे ‘मूल्य’ समजावे. सर्व्हरला ते एकाक्षरी नाव अपरिचित. तो ते सोडून देतो. पुढे जोडलेल्या नव्या जोड्या तेवढ्या तो आज्ञा म्हणून पाळतो. आणि मूळची एक खरी स्वाक्षरी मिळविण्यासाठी फारसे श्रमही नव्हते, कारण वापरणाऱ्यास प्रवेशाच्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यातच ती उघड्यावर लिहिलेली असे. दोन लहान दोष एकमेकांस पूरक ठरले आणि तिसऱ्याच्या नावाने विनंत्या करण्याचा मार्ग मोकळा झाला. या प्रकरणात एमडी५ ची बदनामी झाली. ती अंशतः अन्यायाची आहे असे आम्हांस वाटते. एमडी५ अन्य कारणांनी त्याज्य आहे हे खरे, परंतु येथे त्याच्या जागी एसएचए-२५६ घातले असते तरी हल्ला तसाच साधला असता, कारण तेही अशाच घासांच्या रचनेचे आहे.

आपल्याकडे धनादेशावर ‘रुपये पाचशे फक्त’ असे लिहितात. हा ‘फक्त’ रकमेत भर घालीत नाही. त्याचे काम एवढेच की, पुढे कोणास काही लिहिता येऊ नये. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी लेखनसीमेचा शिक्का असे, तोही याच हेतूने. आरंभीची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगे आणि अखेरचा शिक्का पत्र कोठे संपले ते सांगे. फ्लिकरच्या पद्धतीत आरंभीची मुद्रा होती, लेखनसीमा नव्हती.

विशेष म्हणजे हिचा उपाय त्यावेळी तेरा वर्षांचा जुना होता. मिहिर बेलारे, रान कनेटी आणि ह्यूगो क्रॉचिक यांनी १९९६ साली ‘एचमॅक’ ही रचना मांडली आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये ती मानक-पत्रक क्रमांक २१०४ म्हणून प्रसिद्ध झाली. रचना साधी आहे. गुप्त किल्लीत एक ठरीव संख्या मिसळून तिची पहिली रूपांतरित किल्ली करावयाची, तीपुढे मजकूर लिहून हॅश काढावयाचा. मग त्याच मूळ किल्लीत दुसरी ठरीव संख्या मिसळून दुसरी किल्ली करावयाची, आणि तीपुढे आधीचा हॅश लिहून पुन्हा हॅश काढावयाचा. आतील हॅश बाहेर कोणास दिसतच नाही. बाहेर येते ते दुसऱ्या क्रियेचे उत्तर, आणि त्यास शेपूट जोडून आतला मजकूर वाढविता येत नाही. पत्र लिहून पाकिटात घालावे आणि मोहोर पाकिटावर करावी, तसे हे आहे. या रचनेचे बळ असे की, तिच्या सुरक्षिततेचा युक्तिवाद तिच्या कर्त्यांनी सिद्धतेसह दिलेला आहे. ज्याला स्वतःची स्वाक्षरीपद्धत घरी बनविण्याची हौस वाटते, त्याने ती हौस अन्यत्र भागवावी.

एचमॅक घेतले म्हणजे प्रमाणरूपाचा प्रश्न मिटला असे मात्र नव्हे. पहिल्या प्रकरणात ॲमेझॉनने एचमॅकच वापरले होते. ॲमेझॉनच्या चौथ्या आवृत्तीत याची काळजी बरीच घेतलेली दिसते. तीत विनंतीचा प्रकार, मार्ग, जोड्या, शीर्षके, कोणकोणत्या शीर्षकांवर स्वाक्षरी केली त्यांची यादी, आणि मुख्य मजकुराचा हॅश ही सर्व अंगे स्वतंत्र ओळींवर, ठरलेल्या क्रमाने लिहितात. दुसरा विशेष किल्लीसंबंधी आहे. मूळ गुप्त किल्लीने थेट स्वाक्षरी करीत नाहीत. तिच्यापासून क्रमाने तारीख, प्रदेश, सेवा व एक ठरीव शब्द यांवर चार वेळा एचमॅक काढून एक उपकिल्ली तयार करतात. परिणाम असा की, मुंबई प्रदेशातील साठवण-सेवेसाठी आजच्या तारखेची उपकिल्ली कोणाच्या हाती पडली, तरी उद्याच्या तारखेच्या स्वाक्षरीस तिचा उपयोग नाही, आणि आजही सिंगापूरच्या केंद्रात तिला कोणी विचारणार नाही. हानी घडलीच तर ती कुंपणात राहते.

खरी विनंती जशीच्या तशी पुन्हा पाठविली तर? ‘शंभर रुपये द्या’ ही स्वाक्षरीसह नक्कल दहा वेळा पाठविणाऱ्यास काही बदलावे लागत नाही. यासाठी स्वाक्षरीच्या मजकुरातच वेळ लिहितात आणि जुनी झालेली विनंती सर्व्हर नाकारतो; एस-थ्री सेवेत पंधरा मिनिटांचे अंतर चालते. त्या पंधरा मिनिटांतील पुनरुक्ती टाळावयाची तर प्रत्येक विनंतीस एकदाच वापरावयाचा क्रमांक द्यावा लागतो आणि वापरलेले क्रमांक सर्व्हरने ध्यानात ठेवावे लागतात.

आता आपल्या देशातील एका नित्याच्या व्यवहाराकडे वळू. रेझरपे या भारतीय कंपनीमार्फत पैसे स्वीकारणाऱ्या दुकानदारास, ग्राहकाने पैसे भरल्यावर, तीन वस्तू मिळतात : मागणीक्रमांक, भरणाक्रमांक आणि स्वाक्षरी. दुकानदाराने मागणीक्रमांक, मग एक उभा दंड, मग भरणाक्रमांक अशी माळ करून, आपल्या गुप्त किल्लीने एसएचए-२५६ वर आधारलेले एचमॅक काढावयाचे आणि आलेल्या स्वाक्षरीशी ताडावयाचे. त्या उभ्या दंडाचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानात आता सहज येईल. दंड नसता तर पहिल्या क्रमांकाचे शेवटचे अक्षर दुसऱ्याच्या आरंभी गेले असते आणि स्वाक्षरीस पत्ताही लागला नसता.

ही तपासणी दुकानदाराने आपल्या सर्व्हरवर केली पाहिजे, आणि मागणीक्रमांक ग्राहकाच्या ब्राउझरकडून आलेला न घेता आपल्या नोंदवहीतील घेतला पाहिजे. याचे कारण उघड आहे. ब्राउझर ग्राहकाच्या ताब्यात असतो. ‘पैसे भरले’ असे पान दिसले म्हणजे पैसे भरले असे समजून जो माल पाठवितो, तो दारावर आलेल्या अनोळखी माणसाच्या शब्दावर माल देतो. दुसऱ्या एखाद्या स्वस्त मागणीची खरी स्वाक्षरी आणून महाग मागणीस चिकटविण्याचा प्रकारही, मागणीक्रमांक ब्राउझरकडून घेतल्यास, शक्य होतो. मोठ्या कंपन्यांना अशी चूक परवडते. ज्याचे महिन्याचे भाडे चार-सहा मागण्यांवर अवलंबून आहे त्याला ती परवडत नाही.

स्वाक्षऱ्या ताडण्यासंबंधी एक बारकी सूचना. दोन माळा अक्षरागणिक ताडून पहिल्या विसंगतीस थांबणारी साधी तुलना येथे वापरू नये. किती अक्षरे जुळली यावर उत्तरास लागणारा वेळ अवलंबून राहतो, आणि चिकाटीचा मनुष्य तो वेळ मोजून एकेक अक्षर शोधीत जातो. सर्व अक्षरे तपासूनच उत्तर देणारी तुलना प्रचलित भाषांच्या संचांत तयार मिळते; पायथॉनमध्ये ती २०१२ पासून आहे.

शेवटी ‘स्वाक्षरी’ या शब्दाविषयी. वर जिला आपण स्वाक्षरी म्हटले ती काटेकोर अर्थाने स्वाक्षरी नव्हे. गुप्त किल्ली दोन्ही पक्षांकडे असते. म्हणजे ग्राहकाने केलेली स्वाक्षरी सर्व्हरलाही करता येते. तंटा उपस्थित झाला तर ‘ही विनंती तुमचीच’ असे एचमॅक दाखवून न्यायासनापुढे सिद्ध करता येणार नाही. त्यासाठी खाजगी व सार्वजनिक अशा जोडकिल्ल्यांची पद्धत लागते, आणि भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंकीय स्वाक्षरी म्हणून जिला मान्यता दिली ती या दुसऱ्या प्रकारची होय. एचमॅकला ‘मोहोर’ म्हटले असते तर बरे झाले असते, परंतु शब्द रूढ झाला आहे. या भेदाचा एक व्यावहारिक परिणामही आहे. परवलीचा शब्द सर्व्हरला केवळ हॅशरूपाने जपून ठेवता येतो. एचमॅकची गुप्त किल्ली मात्र त्याला मूळ रूपातच हाताशी ठेवावी लागते, कारण तिच्यावाचून त्याला पडताळा घेता येत नाही. सेवादात्याची किल्ल्यांची वही चोरीस गेली तर सर्व ग्राहकांची नावे एकदम चोरांच्या स्वाधीन होतात. जोडकिल्ल्यांत सर्व्हरकडे सार्वजनिक किल्ल्याच असतात. त्या चोरून काही हाती लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विनंत्यांवरील स्वाक्षऱ्यांचे जे सर्वसाधारण मानक, पत्रक क्रमांक ९४२१, प्रसिद्ध झाले, त्यात दोन्ही प्रकारांची सोय आहे.

ग्राहकाच्या हातून किल्ली फुटण्याचा मार्ग याहून पुष्कळच साधा असतो. कार्यक्रमाच्या मजकुरातच किल्ली लिहिलेली राहते आणि तो मजकूर सार्वजनिक भांडारात जातो. मागाहून ती ओळ पुसली तरी भांडाराच्या इतिहासात ती शिल्लक असते, म्हणून पुसण्यावर विसंबू नये. किल्ली रद्द करावी. चालू सेवा न थांबता हे करता यावे यासाठी ॲमेझॉनच्या पद्धतीत एका खात्यास एकाच वेळी दोन किल्ल्या ठेवता येतात. नवी काढावी, सर्व यंत्रांत ती बसवावी, जुनीने कोणी काही मागत नाही अशी खात्री झाली की जुनी बंद करावी.